तांब्याची कांब

मंगळवार, ६ ऑगस्ट

आलो बाई एकदाच्या नव्या घरी! मी तिलेसा, आणि माझी अकरा वर्षांची नात लुपे. चटयांच्या गुंडाळ्या, भांड्यांचं पोतं, एक कोंबडी (दुसरी वाटेत उडाली), आणि बाकीचं सामान बसमधल्या लोकांच्या मांड्यांवर वाटून ठेवलेलं. ड्रायव्हर म्हणाला, आजी, घर बसमध्येच बांधायचं होतंस की. मी म्हटलं, बांधलं असतं रे, पण तुझी ती रडकी गाणी रोज कोण ऐकणार? सगळी बस हसली. ज्याच्या मांडीवर कोंबडी होती तो हसला नाही, पण त्याला कारण होतं.

ही वही बॅटरीच्या दुकानात फुकट मिळाली. दुकानदार म्हणाला, बॅटरी रोज किती भरते ते लिहून ठेवा. मी म्हटलं, तेवढ्यासाठी एवढी जाड वही? मी बाकीचंही लिहीन. शाळेत मी फारशी गेलेच नाही. अक्षरं मला पाद्रीबाईंनी शिकवली, तीही केस पिकल्यावर, चर्चच्या ओसरीवर बसवून. पण वळण असं बसलं की पाद्रीबाई सगळ्यांसमोर म्हणायच्या, तिलेसाचा हात बघा. गावातल्या पाकिटांवर पत्ते मीच लिहायचे. माझं सगळ्यांत देखणं काय आहे असं विचाराल तर हा उजवा हात. बाकी तर काय, दातही कपाटात असतात.

किनाऱ्यावरचं घर वादळात गेलं. नवऱ्याच्या घराण्याची जमीन इथे वर, काळ्या दगडावर. डोंगर फुटून वितळत खाली आला तो हा दगड. खाली आख्खं गाव गाडलं गेलंय, असं सासरे सांगायचे. विजेचे खांब इथवर येत नाहीत, म्हणून माझ्या आलापातीनं ऑकलंडहून पैसे पाठवून छपरावर पॅनल आणि भिंतीवर लिथियमची बॅटरी लावायचं ठरवलं. हौस म्हणून नव्हे. आलापाती माझा मुलगा, लुपेचा बाप. लुपेला साखरेचा आजार आहे, पोरांना होतो तो. तिची इंजेक्शनं गार ठेवावी लागतात. औषध तापलं की ते फेकायचं, आणि औषध नसलं की मग... ते मी लिहीत नाही. म्हणून फ्रीज, आणि फ्रीजसाठी बॅटरी.

बुधवार, ७ ऑगस्ट

बॅटरी घ्यायला गेलो होतो त्याची गंमत लिहायची राहिली. दुकानदार मला जुन्या पद्धतीची, पाणी घालायची, ट्रकची असते तसली बॅटरी दाखवत होता. स्वस्तात देतो म्हणाला. आलापातीनं फोनवरून पढवून ठेवलं होतं, तेव्हा मी विचारलं, लोहाची लिथियम आहे का? सहजी पेट घेत नाही ती? दुकानदारानं ती ट्रकची बॅटरी बाजूला सरकवली. मग म्हणाला, आजी, तुम्ही शिकलेल्या दिसता. मी म्हटलं, हो तर, ओसरीवर.

आज केरेसोमा आला, बॅटरी बसवणारा. गोरटेला, पोट सुटलेला, खूप बोलतो. मला आवडला. पांढरी पेटी भिंतीवर चढवली, उन्हापासून दूर, मागून वारा खेळेल अशी. म्हणाला, मावशी, हिच्यावर कपडे वाळत घालू नका. आणि फार उपाशी राहिली तर ही स्वतःच बंद पडते, जीव वाचवते. मी म्हटलं, शहाणी आहे, माझा नवरा असा नव्हता.

मग अर्थिंगची पंचाईत झाली. तांब्याची लांब कांब जमिनीत ठोकायला माती लागते, आणि इथे चोहीकडे दगड. मीच जागा शोधून दिली! घरामागे दगडाला एक भेग आहे, त्यात माती, आणि मातीवर पांढरे प्रवाळाचे खडे. आम्ही घरात अंथरतो तसले. म्हणजे खाली कुणाचं तरी घर. मला तर बरंच वाटलं, चला, शेजार मिळाला. केरेसोमा घण मारत होता. अर्ध्यापर्यंत कांब हट्टानं उतरली. मग शेवटचा हातभर भाग घण न मारताच आत गेला, शिजलेल्या अळकुडीत सुरी जावी तसा. केरेसोमा घण हातात धरून बघत राहिला. मग म्हणाला, पोकळी असेल. जेवायला बसला आणि अळूच्या पानातलं नारळाचं दूध बोटांनी पुसून खाल्लं.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

काय उजेड पडतो हो! ओसरीवर एक, आत एक, आणि फ्रीजचं दार उघडलं की त्यातही एक. लुपे दार उघडझाप करून पाहत होती की आतला दिवा झोपतो का. मी ओरडले, दार लाव, इंजेक्शनं तापली म्हणजे झालं. पेटीवरचा आकडा दुपारी पूर्ण भरलेला. मी त्याला हात जोडले.

संध्याकाळी खाली गावात शंख वाजला. शंख वाजला की प्रार्थना, आणि प्रार्थना संपेपर्यंत वाटेवर कुणी फिरायचं नाही. फिरलंच तर पहाऱ्यावरची तरुण पोरं दटावतात. आम्ही दोघी चटईवर बसलो. लुपेनं स्तोत्र म्हटलं. तिचा आवाज म्हणजे पाण्यात पाणी ओतावं तसा, मी आजी म्हणून सांगत नाही, सगळे म्हणतात.

स्तोत्र संपता संपता बाहेरून, घराच्या मागच्या अंगाने, कुणीतरी हळूच म्हणालं, किती छान उजेड आहे.

पहाऱ्यावरची पोरं असणार. मी सवयीनं तिथूनच ओरडले, तुमचाच आहे, घेऊन जा! आमच्यात पाहुण्यानं एखादी वस्तू वाखाणली की असं म्हणायचं, आणि म्हटलं की द्यायची. माझी आई अशी पदरचं सगळं देऊन बसली होती. हां, उजेड कोण कसा नेणार, म्हणून मला हसूच आलं.

रविवार, ११ ऑगस्ट

चर्चनंतर शेजारीण फुआतिनो आली. शेजारीण म्हणजे काय, काळ्या दगडाच्या पलीकडच्या कडेला राहते, बरंच चालावं लागतं. माझ्याहून म्हातारी आहे आणि माझ्याहून जास्त बोलते, म्हणजे बघा. विलायती फणस भाजला होता, डब्यातले मासे उघडले, तिला आधी वाढलं. पाहुणे आधी, पोरं मागून, हे लुपेला सांगावं लागत नाही. ती बाजूला पंखा घेऊन माशा वारत बसली. फुआतिनो म्हणाली, पोरगी गुणाची आहे गं, तोंडात साखर. मी म्हटलं, नको गं, साखरेनंच तर घोळ घातलाय.

एक लिहायचं राहिलं. दिवे रोज प्रार्थनेच्या वेळी मंद होतात. नंतर पाहिलं तर पेटीवरचा आकडा पुष्कळ खाली गेलेला असतो. फ्रीज आणि दोन दिवे एवढं खात नाहीत असं केरेसोमानं सांगितलं होतं. सकाळी ऊन आलं की परत भरते. मग ठीकच म्हणायचं.

बुधवार, १४ ऑगस्ट

काल प्रार्थनेत पुन्हा आवाज आला, या वेळी एकापेक्षा जास्त. म्हणाले, तुमच्याकडे गारवा किती छान आहे. मी मनात म्हटलं, तहानली असतील पोरं. घ्या, तुमचाच आहे, म्हटलं आणि प्रार्थना संपल्यावर फ्रीजमधल्या पाण्याचा ग्लास मागच्या पायरीवर ठेवला.

आज सकाळी ग्लास तिथेच होता, भरलेला. उचलायला गेले तर हात पोळला. पाण्यातून वाफ येत होती.

ऊन पडलं असेल म्हणावं तर पायरी पश्चिमेला आहे.

फ्रीज चालतोय, घुरघुरतोय, आत दिवा लागतोय, पण गार होत नाही. लुपेची इंजेक्शनं ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवली. केरेसोमाला फोन केला. शनिवारी येतो म्हणाला.

आणि पहाऱ्यावरच्या पोरांना आज वाटेत विचारलं. ती म्हणाली, आजी, आम्ही खालच्या चिंचोळ्या रस्त्यावर असतो. दगडावर वर कशाला येऊ? तिथे तुझं एकटीचंच तर घर आहे.

शनिवार, १७ ऑगस्ट

केरेसोमा आला. आधी थट्टा केली, मावशी, फ्रीजमध्ये चूल पेटवली का? मग पेटी उघडली. एक चिमट्यासारखं यंत्र एकेका तारेला लावून पाहत गेला. दिव्यांची तार, फ्रीजची तार, ठीक. मग जमिनीत जाणारी अर्थिंगची तार. तिथे आकडा पळायला लागला. म्हणाला, मावशी, या तारेतून काही जायला नको. काही बिघडलं तरच जातं, आणि काहीच बिघडलेलं नाही. तरी तुमची वीज इथून खाली चालली आहे. मी म्हटलं, खाली कुठे? तो म्हणाला, खालीच.

मग मागे गेला, कांबेजवळ ओणवा झाला. कशी वाजतेय बघतो म्हणून कान लावला.

मी स्वयंपाक मांडून हाक मारत होते. केरेसोमा, ये रे, जेव. तो उभा राहिला, गाडीकडे गेला आणि निघून गेला. न जेवता. मी एवढी म्हातारी झाले, कुणी माझ्या ताटावरून उठून गेलेलं मला आठवत नाही. हत्यारांची पिशवीही इथेच राहिली. फोन लावला तर उचलत नाही.

संध्याकाळी आवाज आले. या वेळी घराच्या मागून नाही, चटईखालच्या खड्यांमधून. मी मोठ्यानं प्रार्थना म्हणत राहिले.

सोमवार, १९ ऑगस्ट

सकाळी फुआतिनोकडे गेले आणि सगळं सांगितलं. आधी हसली, तिलेसा, एकटी राहून तुझं डोकं फिरलं. कांबेचं सांगितलं तेव्हा हसायची थांबली. कुठे ठोकली म्हणाली. पांढऱ्या खड्यांत, म्हटलं. तिनं माझा हात धरला.

म्हणाली, दगड वाहत आला तेव्हा सगळं गाव होड्यांत बसून गेलं. एक घर राहिलं, तुझ्या सासरचंच. त्यांनी पाहुण्यांना बोलावणं धाडलं होतं. भट्टीतले दगड तापले होते, डुक्कर घातलं होतं, आणि घरची म्हातारी म्हणाली, पाहुणे आल्याशिवाय आम्ही उठायचं नाही. पाहुणे आलेच नाहीत. तेव्हापासून ते अंधारात बसलेत, आणि तू त्यांच्या घरात दिवा नेऊन लावलास. वर पुन्हा घ्या म्हणालीस. आता ते तुझे पाहुणे झाले.

मी म्हटलं, मग कांब उपटून टाकते. फुआतिनो म्हणाली, जेवायला बसलेल्या पाहुण्यापुढचं ताट ओढशील?

घरी येताना ठरवलं, काहीही वाखाणू देत, मी तोंड उघडणार नाही. ओठ दातांखाली धरून बसले. प्रार्थनेत लुपे स्तोत्र म्हणत होती. खालून आवाज आला, सगळ्यांचा मिळून, अगदी मायेचा. म्हणाले, हिचा आवाज किती छान आहे.

मी नाही बोलले. देवाशप्पथ मी नाही बोलले.

लुपे बोलली. हसून, मान लववून, जसं मी तिला शिकवलंय तसं. तुमचाच आहे.

मंगळवार, २० ऑगस्ट

लुपेला आवाज नाही. घसा लाल नाही, ताप नाही. तोंड उघडते आणि काही येत नाही. रडते तेही बिनआवाजाचं. मी तिला मधल्या वेळी कोको करून दिला, बिनसाखरेचा. ओठ हलवून म्हणाली, छान.

मी चटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. आता या घरात कुणी कशाला छान म्हणायचं नाही.

दुपारी पेटीचा मोठा खटका खाली ओढला. सगळं बंद. दिवे गेले, फ्रीज गप्प. पेटीवरचा आकडा मात्र तसाच जळत राहिला, आणि मी बघत असताना उतरत गेला. घोट घोट प्यावं तसा.

मग कांब धरली, दोन्ही हातांनी. ऊबदार होती. मी ओढली. खालून कुणीतरी हळूच, खेळल्यासारखं, परत ओढली.

संध्याकाळी लुपेला कुशीत घेऊन तिचे कान दाबून धरले. तरी आवाज आले. खाली कुणीतरी गात होतं. लुपेचं स्तोत्र. लुपेच्या आवाजात.

बुधवार, २१ ऑगस्ट

मडक्यातली इंजेक्शनं कोमट. एक तेवढं गार लागलं. दुपारी लुपे मलूल झाली, पाणी पाणी मागत होती खुणेनं. गार होतं ते टोचलं. आणखी एक ठीक असेल, नक्की नाही. दवाखाना तालुक्याला, बस उद्या दुपारची.

संध्याकाळी ते म्हणाले, पोर किती छान आहे.

मी गप्प. लुपेच्या तोंडावर माझा हात. ते थांबून राहिले. किती वेळ थांबून राहिले! मग लुपेच्याच आवाजात खालून कुणी म्हणालं, आजी, ये म्हणतायत. जेवण तयार आहे.

लुपे माझ्या मांडीवर होती. तिनेही ते ऐकलं. तिचे डोळे—

नाही लिहीत.

गुरुवार, २२ ऑगस्ट

फुआतिनो आली. मी म्हटलं, आम्ही दोघी निघतो. ती म्हणाली, घर मोकळं टाकलंस तर ते मागोमाग येतील. त्यांनी पोरीला वाखाणलंय, रिकाम्या हाती बसून राहणार नाहीत. कुणीतरी बसून पाहुणचार करायला हवा. त्यांना दुसरं काही आवडायला हवं.

मी म्हटलं, मग मी बसते. फुआतिनो म्हणाली, तुझ्यात आवडण्यासारखं आहे काय म्हातारे? दोघी हसलो. मग ती रडली.

लुपेला तिच्याबरोबर बसमध्ये बसवलं. उरलेली इंजेक्शनं फुआतिनोनं गावातून आणलेल्या बर्फाच्या डब्यात. ड्रायव्हर म्हणाला, आजी, आज सामान नाही? मी म्हटलं, हेच माझं सगळं सामान, नीट ने. लुपेनं काचेतून हात केला. ओठ हलवले. आजी, एवढंच कळलं.

बस वळली. धूळ बसेपर्यंत उभी होते.

घर झाडलं. चांगली चटई काढली, लग्नातली. खटका वर केला, सगळे दिवे लावले. फणस भाजला, अळू शिजवला, पाहुण्यांपुढे मांडला. मी मागून जेवेन.

शंख वाजला.

आलेत. चटई हलतेय, खालून वर, एकेक जण बसावं तशी. खूप आहेत. दिवे पिवळे झाले. मी पोरीचं नाव मनातही घेत नाहीये. स्तोत्र म्हटलं, माझ्या फाटक्या आवाजात. काही बोलले नाहीत. विचारताहेत पोर कुठे — मी ऐकलं नाही असं दाखवलं —

लिहितेय. दिव्याखाली, त्यांना दिसेल अशी. सावकाश, वळणदार. पाद्रीबाईंनी शिकवलं तसं, वरून खाली, मग गोल. बघा म्हणावं. बघा ना. इकडे बघा.

सरकले जवळ. ऊब लागतेय मनगटाला. गप्प आहेत. बघताहेत —

बस आता घाट उतरली असेल —

एक म्हातारी आहे यांच्यात. वाकली. म्हणाली. म्हणाली हा हात किती छान

हसू आलं मला. खरंच आलं. मी म्हटलं घ्या, तुमचाच आ